पान पाहून निदान: नागपुरातील एका मत्स्यालय दुकानाच्या घरपोच तपासणी सेवेचे परीक्षण

पाणवनस्पती लावलेल्या काचेच्या टाकीत पाने पिवळी पडू लागली, त्यांना भोके पडली किंवा शेंडे वाकडे येऊ लागले, की नागपुरातील बहुतेक दुकानांत एकच सल्ला मिळतो : खताची बाटली घेऊन जा. पश्चिम नागपुरातील एका दुकानाने याहून वेगळी सेवा सुरू केली आहे. दुकानाचा तंत्रज्ञ घरी येतो, टाकी पाहतो, पाण्याच्या काही चाचण्या करतो आणि कोणत्या अन्नद्रव्याची कमतरता आहे हे ठरवून उपाय कागदावर लिहून देतो. शुल्क ४०० रुपये आहे आणि दुकानातून काही विकत घेण्याची अट नाही. माझ्या बैठकीतील सुमारे १५० लिटरच्या टाकीसाठी ही सेवा घेतल्यानंतर माझे मत असे झाले आहे की पाने वाचण्यात हा तंत्रज्ञ तरबेज आहे, पाणी मोजण्यात कामचलाऊ आहे, आणि शेवटी जी बाटली सुचवली जाते ती बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरासाठी अगदीच निरुपयोगी आहे.

चांगल्या बाजूपासून सुरुवात करतो, कारण ती खरोखर चांगली आहे. टाकीसमोर बसल्यावर त्याने आधी दिव्याची चौकशी केली नाही, खताचीही नाही. ‘भाऊ, पहिले खालचं पान दाखवा, वरचं मंग पाहू,’ एवढेच तो म्हणाला, आणि पुढचा बराच वेळ भिंगातून एकेका झाडाची खालची व वरची पाने पाहत राहिला. निदानाची सगळी मदार या क्रमावर असते. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये वनस्पतीच्या अंगात फिरू शकतात. त्यांचा तुटवडा पडला की झाड जुन्या पानांतून ती काढून घेते आणि वाढत्या शेंड्याकडे पाठवते, त्यामुळे लक्षणे खालच्या, जुन्या पानांवर दिसतात. लोह, कॅल्शियम, बोरॉन आणि मँगनीज एकदा पानात बसले की तेथून सहसा हलत नाहीत, म्हणून त्यांची कमतरता नव्या पानांवर आणि शेंड्यावर उमटते. जुने पान बिघडले आहे की नवे, या एका प्रश्नाच्या उत्तराने संशयितांची यादी जवळपास अर्ध्यावर येते. तरीही बाटली विकणाऱ्या फारच थोड्या लोकांना हा प्रश्न सुचतो.

माझ्या टाकीत दोन्ही प्रकारची लक्षणे एकाच वेळी होती. हायग्रोफिला पॉलिस्पर्मा ही आपल्याच देशातील ओढ्या-नाल्यांत वाढणारी वनस्पती आहे आणि ती सहसा कुणाला त्रास देत नाही, पण माझ्याकडे तिच्या खालच्या पानांवर टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके पडली होती आणि भोकांच्या कडा पिवळ्या-तपकिरी झाल्या होत्या. तंत्रज्ञाने हे पालाशाच्या कमतरतेचे लक्षण ठरवले आणि ते बरोबर होते. गोगलगायींनी किंवा माशांनी खाल्लेल्या पानाशी याची गल्लत होते, तेव्हा फरक कसा ओळखायचा हेही त्याने दाखवले : खाल्लेल्या भोकाची कड स्वच्छ आणि हिरवी असते, तर कमतरतेने पडलेल्या भोकाभोवती आधी मेलेल्या पेशींचा पिवळसर पट्टा असतो. नत्र कमी पडले असते तर जुने पान शिरांसह सरसकट फिकट झाले असते. मॅग्नेशियम कमी असते तर त्याच जुन्या पानाच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला असता. त्याने दोन्ही शक्यता तपासून बाजूला ठेवल्या, आणि का बाजूला ठेवल्या हे सांगितले. मला सेवेतील हा भाग सर्वांत मोलाचा वाटला. निदान सांगणारे बरेच भेटतात, पण नाकारलेल्या निदानांची कारणे सांगणारा क्वचितच भेटतो.

रोटाला रोटुंडिफोलियाकडे पाहून मात्र त्याने एक गोष्ट सांगितली, जी बऱ्याच हौशी लोकांना पटणार नाही. माझ्याकडे ती लालबुंद झाली होती आणि येणारे-जाणारे तिचे कौतुक करत होते. त्याच्या मते तो रंग काही अंशी नत्राच्या टंचाईचा होता. या वनस्पतीला नायट्रेट कमी मिळाले की तिच्यात लाल रंगद्रव्य वाढते, आणि काही छंदिष्ट मुद्दाम नायट्रेट कमी ठेवून हा रंग मिळवतात. तेव्हा तिचा लालपणा पाहून बाकी झाडांनाही पोटभर मिळते आहे असा निष्कर्ष काढू नये.

कमतरता नसताना कमतरता शोधण्याचा मोह या व्यवसायात मोठा आहे, कारण विक्री त्यावरच होते. या परीक्षेत तंत्रज्ञ उत्तीर्ण झाला. नुकत्याच आणलेल्या क्रिप्टोकोरिनची पाने काचेसारखी पारदर्शक होऊन गळत होती. त्यासाठी त्याने काहीही विकले नाही. परिस्थिती बदलली की क्रिप्टोकोरिन जुनी पाने टाकून देते आणि मुळे शाबूत असतील तर काही आठवड्यांत नवी काढते. शिवाय रोपवाटिकेत बहुतेक पाणवनस्पती पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. त्या हवेतल्या पानांचा पाण्याखाली टिकाव लागत नाही, आणि पाण्याखालची नवी पाने आकाराने व पोताने वेगळी येतात. हे माहीत नसलेला ग्राहक पहिल्याच महिन्यात खताचा मारा करतो आणि त्याच्या वाट्याला फक्त शेवाळ येते. अनुबियासचे आडवे खोड मी खडीत पुरले नव्हते, याबद्दल त्याने समाधान व्यक्त केले. पुरले की ते कुजते आणि पाने पिवळी पडतात, मग लोक लोहाची बाटली ओततात.

आता लोहाविषयी थोडे सविस्तर, कारण नागपुरात या सेवेची खरी कसोटी येथेच लागते. माझ्या लुडविगियाची आणि इकायनोडोरसची नवी पाने फिकट पिवळी येत होती आणि शिरांचे जाळे तेवढे हिरवे राहत होते. कोणीही याला लोहाची कमतरता म्हणेल आणि तंत्रज्ञानेही तेच म्हटले. परंतु विदर्भातील संत्रा बागायतदार हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले आहेत, आणि त्यांचा धडा असा आहे की लोहाची कमतरता म्हणजे लोह नसणे असेलच असे नाही. चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह असते, पण ते अशा रूपात असते की मुळांना घेता येत नाही. मग संत्र्याच्या कोवळ्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, असा तोच नकाशा दिसतो. ज्या शहरात केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आणि राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो या दोन्ही संस्था आहेत, तेथे मत्स्यालयाच्या दुकानदाराला एवढी गोष्ट ठाऊक असावी ही अपेक्षा अवाजवी नाही.

टाकीतही हेच घडते. लोहाचे साधे क्षार पाण्यात टाकले तर ते लवकरच गंजाच्या रूपात तळाशी बसतात, म्हणून ते चिलेट करून, म्हणजे एका सेंद्रिय रेणूच्या पकडीत धरून देतात. ही पकड कोणत्या रेणूची आहे यावर सगळे अवलंबून असते. ईडीटीएची पकड आम्लधर्मी पाण्यात चांगली टिकते, पण पीएच साडेसहाच्या वर जाऊ लागला की सैल होते आणि जड पाण्यातील कॅल्शियम लोहाची जागा घेऊ लागते. डीटीपीए साधारण साडेसातपर्यंत साथ देते. ईडीडीएचए त्याच्याही बरेच वर, ९ च्या आसपास, लोह धरून ठेवते. तिचा एकच दोष असा की पाण्याला गुलाबी-लालसर झाक येते. महापालिकेचे पाणी पेंच आणि कन्हानचे असते, पण उन्हाळ्यात किंवा नळाच्या अनियमित वेळांमुळे अनेक घरांत टाकीत बोअरचे पाणी जाते, आणि ते जड असते. माझ्या घरी तेच जाते. केएच (म्हणजे पाण्यातील कार्बोनेटचे माप) १२ जर्मन अंश आणि पीएच ७.४ असलेल्या पाण्यासाठी त्याने सुचवलेली दुकानाची स्वतःची बाटली ईडीटीए लोहाची होती. बाटलीवर लोहाची टक्केवारी होती, चिलेटचा प्रकार नव्हता. विचारल्यावर त्याने फोन करून माहिती काढली. म्हणजे निदान बरोबर, औषधाचे नावही बरोबर, आणि औषध रुग्णाच्या पोटात पोहोचण्याआधीच निकामी होणार.

त्या बाटलीऐवजी मी कृषी केंद्रातून ६ टक्के लोह असलेले ईडीडीएचए आणले. १५० लिटर पाण्यात ०.१ पीपीएम (लिटरमागे ०.१ मिलिग्रॅम) लोह येण्यासाठी साधारण पाव ग्रॅम पुरते, म्हणून वजनकाटा दागिने तोलण्याच्या दर्जाचा हवा. ही पूड आठवड्याला थोडी आणि डीटीपीए अधूनमधून, असे मिश्रण ठेवल्यास रंगाची झाकही त्रास देत नाही. पालाशासाठीही तेथेच सोय होते. १३-०-४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट; हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पालाशाच्या टक्क्यांचे असतात. त्याचा एक ग्रॅम १०० लिटर पाण्यात टाकला की सुमारे ५.८ पीपीएम नायट्रेट आणि ३.७ पीपीएम पालाश मिळते. नत्र आधीच पुरेसे असेल तर त्याऐवजी ०-०-५०, म्हणजे पोटॅशियम सल्फेट घ्यावे. ०-५२-३४ मधून स्फुरद येते, पण त्याचा एक ग्रॅम १०० लिटरमध्ये जवळजवळ ७ पीपीएम फॉस्फेट चढवतो, तेव्हा मोजणी दशांश ग्रॅममध्ये करावी. बाजारात ज्याला विद्राव्य खत म्हणतात ते सगळेच टाकीत चालते असा याचा अर्थ नाही. १९-१९-१९ मध्ये युरिया आणि अमोनियाच्या रूपातील नत्र असते, आणि पीएच जास्त असलेल्या पाण्यात अमोनिया माशांना घातक ठरतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या शेतीसाठीच्या मिश्रणात तांब्याचे प्रमाण बऱ्यापैकी असते आणि टाकीत कोळंबी असेल तर ते तिला मारू शकते. ही खबरदारी तंत्रज्ञाने सांगितली नाही. कृषी केंद्राचा विषयच त्याने टाळला, आणि त्याचे कारण उघड आहे.

पाण्याच्या चाचण्यांची बाजू कच्ची आहे. त्याने रंग बदलणारी कागदी पट्टी बुडवली आणि बाटलीवरील रंगांशी ताडून आकडे लिहिले. त्या पट्टीवर पीएच, केएच, जीएच (पाण्याचा एकूण जडपणा) आणि नायट्रेट होते. पालाश, फॉस्फेट आणि लोह यांपैकी काहीही नव्हते. जीएचचा रंग सर्वांत गडद चौकटीपर्यंत गेला होता, याचा अर्थ एवढाच की खरा आकडा त्या चौकटीइतका किंवा त्याच्या वर कितीही असू शकतो. नायट्रेट त्याने २० लिहिले. माझ्याकडील थेंबांच्या चाचणीत ते त्याच पाण्यात ५ ते १० च्या मध्ये आले. थेंबांच्या चाचणीतही कसब लागते. नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीतील पूड तळाशी बसते आणि ती दणकून हलवली नाही तर आकडा कमी दिसतो, तरीही पट्टीपेक्षा तिचा भरवसा जास्त. जीएच आणि केएच मोजायला तर थेंब मोजण्याहून सोपे काही नाही; नेहमीच्या चाचणीसंचात ५ मिली पाण्यात रंग बदलेपर्यंत पडलेला एकेक थेंब म्हणजे एकेक जर्मन अंश. चारशे रुपये घेणाऱ्या सेवेकडून एवढे अपेक्षित आहे. आणखी एक बारकावा राहून गेला. जीएच भरपूर असला तरी त्यात कॅल्शियम किती आणि मॅग्नेशियम किती हे तो आकडा सांगत नाही. जड पाण्यातही मॅग्नेशियमची उणीव पडू शकते, आणि ‘पाणी जड आहे म्हणजे मॅग्नेशियम आहेच’ हे त्याने उच्चारलेले वाक्य मला सरसकट मान्य नाही. माझ्या टाकीत मॅग्नेशियमची लक्षणे नव्हती, त्यामुळे येथे नुकसान काही झाले नाही.

सर्वांत मोठी उणीव मात्र कार्बन डायऑक्साइडची. माझ्या टाकीला सिलिंडर जोडलेला आहे. तंत्रज्ञाने बुडबुडे मोजण्याच्या नळीकडे पाहिले, सेकंदाला एक बुडबुडा दिसला आणि ‘बरोबर आहे’ म्हणून तो पुढे गेला. नळीतून किती वायू जातो हे बुडबुड्यांवरून कळते. पाण्यात किती विरघळतो हे कळत नाही. ते कळण्यासाठी त्याच्या हातातच दोन आकडे होते. केएचला तिनाने गुणून, त्या गुणाकाराला १० च्या (७ वजा पीएच) घाताने गुणले की विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज पीपीएममध्ये मिळतो. केएच १२ आणि पीएच ७.४ असेल तर तो १४ च्या आसपास येतो. भरगच्च लागवडीच्या टाकीत साधारण ३० चे लक्ष्य ठेवतात, आणि या केएचला त्यासाठी पीएच ७.१ च्या जवळ आणावा लागेल. हे गणित करायचे नसेल तर ४ केएचचे द्रावण आणि ब्रोमोथायमॉल ब्लू घातलेला ड्रॉप चेकर टाकीत लावावा. निळा म्हणजे कमी, हिरवा म्हणजे योग्य, पिवळा म्हणजे माशांना धोका. तो तासा-दोन तासांपूर्वीची स्थिती दाखवतो हे लक्षात ठेवले की पुरे.

हा मुद्दा मी ताणून धरतो, कारण कार्बन अपुरा असताना दिसणारी लक्षणे अन्नद्रव्यांच्या कमतरतेसारखीच फसवी असतात. शेंडे आखडतात, वाढ खुंटते, अनुबियासच्या पानांच्या कडांवर काळे दाढीसारखे शेवाळ येते, आणि ग्राहक एकामागून एक बाटल्या ओतत राहतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. यूस्टस फॉन लीबिगच्या नावाने ओळखला जाणारा न्यूनतमाचा नियम एकोणिसाव्या शतकापासून शेतीशास्त्रात शिकवला जातो : वाढ किती होणार हे सर्वांत कमी असलेला घटक ठरवतो, बाकीचे कितीही वाढवले तरी. माझ्या टाकीत खालच्या पानांची भोके पालाशाची होती आणि पिवळे शेंडे लोहाचे, हे तंत्रज्ञाचे निदान खरे. पण आखडलेल्या शेंड्यांचे श्रेय त्याने कॅल्शियमला दिले, ते जड पाण्यात सहसा संभवत नाही. वायूचा पुरवठा वाढवून आणि फिल्टरचे तोंड वळवून पाण्याचा प्रवाह कोपऱ्यांपर्यंत नेल्यावर ते शेंडे सरळ येऊ लागले.

नागपूरच्या उन्हाळ्याचा उल्लेखही त्याच्या कागदावर असायला हवा होता. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बाहेर ४५ अंश असताना कूलरच्या खोलीतील टाकीही ३२-३३ अंशांवर जाते. पाणी तापले की त्यात वायू कमी विरघळतात. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३३ अंशांना साधारण ७.२. त्याच वेळी मासे आणि वनस्पती दोघांचाही श्वसनाचा वेग वाढलेला असतो. अशा दिवसांत पाने विरघळू लागली तर आधी थर्मामीटर पाहावा, दिव्याचे तास कमी करावेत, पृष्ठभागावर पंखा सोडावा. खत वाढवू नये.

कागदी अहवाल नीटनेटका आहे, अक्षर वाचता येते आणि उपायांचा क्रमही शहाणपणाचा आहे : एका वेळी एकच बदल, दोन आठवडे थांबणे, मग पुढचा. त्याची एक युक्ती मी इतरांनाही सांगू लागलो आहे. जाताना त्याने दोन-तीन फांद्यांच्या शेंड्याखालच्या पेऱ्याला सैलसर लाल दोरा बांधला. बिघडलेले पान कमतरता भरून निघाली तरी बुजत नाही, त्याची भोके तशीच राहतात. म्हणून उपाय लागू पडला की नाही हे दोऱ्याच्या वर आलेल्या पानांवरूनच ठरवायचे, खालची पाने विसरून जायची. पालाशाचा परिणाम अशाच दोऱ्याच्या वर निर्मळ दिसला. लोहाचा परिणामही दिसला, तो अर्थात त्याच्या बाटलीमुळे नव्हे.

ज्यांच्या घरी फक्त नळाचे पाणी आहे, झाडे साधी आहेत आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, त्यांनी ही सेवा डोळे मिटून घ्यावी. त्या टाक्यांमध्ये पाने वाचणेच महत्त्वाचे असते आणि ते हा तंत्रज्ञ उत्तम करतो. बोअरचे पाणी असेल तर भेटीआधी जीएच आणि केएच थेंबांच्या चाचणीने स्वतः मोजून ठेवावेत आणि लोहाची बाटली घेण्यापूर्वी चिलेटचा प्रकार विचारावा. फेरभेटीचे २०० रुपये पडतात आणि ती पहिल्या भेटीनंतर महिनाभरात घ्यावी लागते. वेळ मागताना दिवे व वायू सुरू होऊन निदान दोन तास झालेले असतील अशीच मागावी, कारण सकाळी वायू बंद असताना मोजलेल्या पीएचवरून दिवसभरात झाडांना किती कार्बन मिळतो ते कळत नाही, आणि दुकान आपणहून बहुधा सकाळचीच वेळ देते.